रोजगाराचे आकडे : महिन्याचा फरक आणि वर्षाचा फरक

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून पेरणी-फवारणीशी याचा काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. रोजगाराचे आकडे म्हणजे शहरातील नोकरदारांचा विषय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः महाराष्ट्रात सर्वांत जास्त हातांना काम देणारा धंदा शेती हाच आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातील एकूण काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक शेतकरी किंवा शेतमजूर म्हणून नोंदले गेले आणि त्यातही शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांपेक्षा जास्त भरली. म्हणजे आपण काम करणारेही आहोत आणि काम देणारेही आहोत. मजूर मिळत नाही ही तक्रार आपली, आणि मुलाला काम मिळत नाही ही तक्रारही आपलीच. पारावर एकाच संध्याकाळी या दोन्ही तक्रारी ऐकावयास मिळतात. गंमत अशी की दोन्ही खऱ्या असतात.

त्या एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घ्यावयाचे असेल तर रोजगारातील दोन प्रकारचे फरक वेगवेगळे ठेवणे अगत्याचे आहे. एक, गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात काय झाले. दुसरा, गेल्या वर्षी याच महिन्यात जे होते त्यापेक्षा यंदा काय झाले. पहिल्याला आपण महिन्याचा फरक म्हणू, दुसऱ्याला वर्षाचा फरक. या दोहोंची गल्लत झाली की घरातले मोठे निर्णय चुकतात. यंत्र घ्यावे की नाही, जमीन खंडाने द्यावी की नाही, जनावरे विकावीत की नाही, हे सारे निर्णय कळत नकळत आपण रोजगाराच्या अंदाजावरच घेत असतो.

एक साधे गणित पाहू. समजा, एखाद्या गावात रोज कामावर जाणाऱ्या बायामाणसांची नोंद ठेवली. सप्टेंबरात दररोज सरासरी १५० माणसे कामावर होती, ऑक्टोबरात २१० झाली. महिन्यात ६० ची, म्हणजे ४० टक्क्यांची वाढ! पण मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरात हाच आकडा २३० होता. म्हणजे वर्षात २० ची, सुमारे ९ टक्क्यांची घट. आता एकजण म्हणेल गावात काम वाढले, दुसरा म्हणेल कमी झाले. दोघांकडेही आकडा खरा आहे. सोयाबीन काढणीला आले म्हणून काम वाढले, हे पहिला सांगतो आहे. काढणीसाठी पूर्वीइतकी माणसे लागेनाशी झाली, हे दुसरा सांगतो आहे. पहिली गोष्ट दरवर्षी होते आणि दरवर्षी ओसरते. दुसरी गोष्ट एकदा झाली की बहुधा परत फिरत नाही. सबब तिच्याकडे जास्त लक्ष द्यावयास हवे, आणि नेमके तिच्याकडेच आपले दुर्लक्ष होते. कारण महिन्याचा फरक डोळ्यांना दिसतो आणि वर्षाचा फरक वही काढल्याशिवाय दिसत नाही.

कोणत्या महिन्यात कोणाच्या हाताला काम?

आपल्या राज्यात प्रत्येक धंद्याचे पंचांग वेगळे आहे. मृग-आर्द्राच्या पावसावर खरिपाची पेरणी होते, जुलै-ऑगस्टात खुरपणी-निंदणी चालते, कोकणात आणि पूर्व विदर्भात भाताची लावणी असते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात सोयाबीन, उडीद-मूग, पुढे भात यांची काढणी येते. त्याच सुमारास कापसाची वेचणी सुरू होते आणि ती जानेवारीपर्यंत, काही ठिकाणी पुढेही चालते. कापूस घरात आला की विदर्भ-खानदेशातील जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांचे भोंगे वाजू लागतात. भाताची मळणी झाली की भंडारा-गोंदियाकडील राईस मिल सुरू होतात. नाशिककडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, नंतर विरळणी आणि जानेवारी ते एप्रिल तोडणी अशी माणसांची गरज टप्प्याटप्प्याने येते. पेठ-सुरगाण्याकडील मजुरांच्या टोळ्या त्या बेताने खाली उतरतात. सांगली आणि हिंगोली भागात फेब्रुवारी-मार्चला हळद काढून शिजविण्याचे काम निघते. गोंदिया-गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्ता. वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाच्या तोंडावर विझतात. समुद्रकिनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारी बंद असते, त्यामुळे खलाशी त्या दोन महिन्यांत घरी असतात.

हे सगळे एकत्र मांडले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. एकाच माणसाची गणना वर्षभरात तीन-चार धंद्यांत होते. मराठवाड्यातील एखादा अल्पभूधारक जूनमध्ये शेतकरी असतो, ऑगस्टात शेतमजूर, नोव्हेंबरात ऊसतोड कामगार आणि मे महिन्यात बांधकामावरील मजूर. तो चार धंदे बदलला असे आपण म्हणत नाही. त्याला कोणताच एक धंदा बारा महिने पुरत नाही, इतकाच त्याचा अर्थ. आकडे मात्र त्याला दर खेपेस एका रकान्यातून काढून दुसऱ्या रकान्यात टाकतात. म्हणून नोव्हेंबरात “शेतीतील रोजगार घटला, उद्योगातील वाढला” असे कोणी सांगितले, तर लगेच गावे ओस पडू लागली असे समजू नये. गावचीच माणसे फडात गेली असतील.

ऊसतोडीचे थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या राज्यात हंगामी रोजगाराचे याहून मोठे उदाहरण नाही. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून काही लाख माणसे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती तोडीतून फेडावयाची असते. येथे महिन्याचा फरक सर्वांना पाठ आहे : हंगाम सुरू झाला की काम, पट्टा पडला की काम बंद. पण वर्षाचा फरक पाहा. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झाली आणि काही भागांत गाळप जून २०२२ पर्यंत चालले. ऊस संपता संपेना म्हणून शेतकरी हवालदिल झाले होते. २०२३-२४ मध्ये उत्पादन सुमारे ११० लाख टन झाले. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, ऊस कमी होता, आणि उत्पादन सुमारे ८० लाख टनांवर आले. बहुतेक कारखाने मार्चअखेरपर्यंत बंद झाले.

याचा अर्थ काय? २०२२ च्या एप्रिलात ज्या कोयत्याला दिवसाला पूर्ण काम होते, तोच कोयता २०२५ च्या एप्रिलात घरी बसला. उचल मात्र पाच-सहा महिन्यांच्या तोडीच्या हिशेबाने घेतलेली. हंगाम आखडला की फेड अपुरी राहते, बाकी पुढील वर्षावर जाते आणि पुढील वर्षाची मजुरी कामाआधीच गहाण पडते. साखर कारखान्यातील हंगामी कामगाराला बिगर हंगामात निदान काही भत्ता मिळतो. फडातील कोयत्याला तो नाही. माझ्या मते उचल घेणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही गेल्या एका हंगामावर विसंबू नये. मागील तीन-चार हंगामांत प्रत्यक्ष किती दिवस तोड झाली, ते पाहूनच रकमेचा आकडा ठरवावा. ऊस उत्पादकालाही हेच लागू आहे. उसाची उभी लागवड किती आहे यावरून पुढील हंगाम किती लांबेल याचा अंदाज येतो, आणि तोडीच्या टोळीची ओढाताण होईल की टोळ्या आपणहून दारात येतील, हेही कळते.

सरकारी आकडे कसे वाचावेत?

रोजगाराचे आकडे केंद्र शासनाचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय गोळा करते. २०१७ च्या एप्रिलपासून त्यासाठी श्रमबल पाहणी सुरू झाली. पूर्वी ग्रामीण भागाचे आकडे वर्षातून एकदा मिळत. २०२५ पासून ही पद्धत बदलली आणि एप्रिल २०२५ पासूनचे आकडे दरमहा प्रसिद्ध होऊ लागले. मासिक पत्रक संपूर्ण देशाचे असते. आपल्या तालुक्याचा आकडा त्यात शोधू नये, मिळणार नाही.

त्या पहिल्या महिन्यांतील ग्रामीण बेकारीचे प्रमाण पाहा. पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या, काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या दर शंभर माणसांमागे एप्रिल २०२५ मध्ये ४.५, मे मध्ये ५.१, जूनमध्ये ४.९, जुलैमध्ये ४.४ आणि ऑगस्टमध्ये ४.३. हे आकडे ऐकून कोणाही जाणत्या शेतकऱ्याला आश्चर्य वाटणार नाही. एप्रिलात रब्बीची सुगी शिल्लक असते, मे महिन्यात रान मोकळे असते, जूनमध्ये पेरण्या सुरू होतात, जुलै-ऑगस्टात लावणी-खुरपणी. शहरांत मात्र एप्रिलात ६.५ असलेला आकडा जुलैत ७.२ झाला. गावाचा आकडा खाली येत होता त्याच वेळी शहराचा वर जात होता. देशाचा एकच सरासरी आकडा वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत छापला जातो, पण त्यात ही दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळलेली असतात.

मे ते ऑगस्ट बेकारी कमी झाली, म्हणजे परिस्थिती सुधारली काय? नाही, तसे म्हणता येत नाही. पाऊस पडला, एवढेच त्यावरून सांगता येते. परिस्थिती सुधारली की नाही, हे ठरविण्यासाठी ऑगस्टची तुलना ऑगस्टशीच करावयास हवी. हे मासिक आकडे एप्रिल २०२५ पासूनचेच असल्याने २०२५ सालातील महिने आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहता येत नाहीत. म्हणून त्या वर्षीच्या महिन्यामहिन्यांच्या चढउतारावरून जी उलटसुलट विधाने झाली, त्यांना फारसा आधार नव्हता असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक बारकावा सांगणे जरूर आहे. या मासिक आकड्यांत ‘काम असलेला’ कोणाला म्हणतात? पाहणीच्या आधीच्या सात दिवसांत ज्याने कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केले, तो कामावर धरला जातो. भगिनींनो, आठवड्यात एकच दिवस खुरपायला गेलेली बाई या हिशेबाने बेकार ठरत नाही. वार्षिक आकड्यांसाठी दुसरी व्याख्या वापरतात, त्यात मागील ३६५ दिवसांचा विचार होतो. जनगणनेतही वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करणारा तो ‘मुख्य’ आणि त्यापेक्षा कमी काळ काम करणारा तो ‘सीमांतिक’ असा भेद केलेला आहे. तेव्हा बेकारी चार-पाच टक्केच, असे ऐकून कोणी हसले तर त्याचेही चुकत नाही. गावात बेकार माणसे थोडी, पण अर्धवट काम असलेली पुष्कळ. आपल्याकडील खरे दुखणे हे आहे आणि ते बेकारीच्या एका आकड्यात मावत नाही.

उद्योगधंद्यांतील नोकऱ्यांचा दुसरा मासिक आकडा भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून २०१८ पासून येतो. किती नवे सभासद झाले, किती सोडून गेले, किती परत आले, यांची वजाबाकी करून निव्वळ वाढ दाखविली जाते आणि ती राज्यवार व उद्योगवारही असते. महाराष्ट्राचा वाटा त्यात नेहमीच मोठा असतो. तथापि येथेही जपून वाचावे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना हा कायदा लागू होतो. अठरा माणसांच्या कारखान्यात आणखी दोन घेतली की वीसही माणसे एकदम ‘नवे सभासद’ म्हणून आकड्यात येतात, प्रत्यक्षात नवे काम दोघांनाच मिळालेले असते. शिवाय माणसे पुरविणारे ठेकेदार आणि पहारेकरी पुरविणाऱ्या संस्था यांची भरती वेगळ्याच उद्योगाच्या नावाखाली मोजली जाते. कारखान्याच्या दारात उभा असलेला मुलगा कारखान्याच्या रकान्यात असेलच असे नाही.

न परतणारा फरक

महिन्याचा फरक म्हणजे पानगळ. फेब्रुवारीत शेवरीची पाने झडलेली पाहून कोणी झाड वठले असे म्हणत नाही. पण ऐन श्रावणात झाड उघडे दिसले तर मात्र मुळाशी काहीतरी बिघडले आहे असे ओळखावे. रोजगारातही असे मुळाशी झालेले बदल आपण पाहिले आहेत. मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूरकडील कितीतरी घरांत गिरणीच्या मनिऑर्डरीवर बैल घेतले जात, विहिरी खोदल्या जात. कामगार गावी आले, दोन-चार महिन्यांत संप मिटेल म्हणून थांबले. त्यांनी आधीचे छोटे संप पाहिले होते, त्यात काम बंद पडत असे आणि पुन्हा सुरू होत असे. या खेपेस बहुसंख्यांसाठी ते परत सुरू झाले नाही. एक धंदा एका प्रदेशातून उठला, आणि त्याची झळ तीनशे किलोमीटरवरच्या जिरायत शेतीला बसली.

उलट दिशेचे उदाहरण २०२० चे. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि शहरांतून माणसांचे लोंढे गावाकडे आले. देशात एकूण कामकरी लोकांत शेतीवर असणाऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ साली ४२.५ टक्क्यांपर्यंत उतरले होते, ते २०१९-२० साली ४५.६ आणि २०२०-२१ साली ४६.५ टक्के झाले. आपत्ती ओसरली, कारखाने सुरू झाले, तरी २०२३-२४ सालीही ते ४६.१ टक्के होते. पाहुणा म्हणून आलेली माणसे घरातच राहिली. त्यांतील काहींनी शेती सुधारली, दुग्धव्यवसाय केला, रोपवाटिका काढल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पुष्कळ ठिकाणी तीन एकरांत दोघांचे काम होते तेथे चौघे राबू लागले. चौघेही ‘कामावर’ मोजले जातात. शेतीतील रोजगार वाढला हे वाक्य ऐकताना ही गोष्ट विसरू नये.

आणि आपल्या शेतातील फरक? मळणीचेच घ्या. खळे सारवून, तिवडा रोवून, बैलांच्या पायाखाली मळणी व्हायची तेव्हा सुगी महिनादीड महिना चालत असे. मळणीयंत्र आले आणि ते काम दिवसांवर आले. आता गहू-सोयाबीनला कापणी-मळणी एकत्र करणारे यंत्र येते आणि काम तासांवर आले. तणनाशकांमुळे खुरपणीचे दिवस घटले. ही घट मुख्यत्वे बायकांच्या कामात झाली आहे. ऊसतोडणी यंत्रही वाढत आहेत. यांपैकी कोणताही बदल एका महिन्यात झाला नाही, म्हणून कोणत्याही एका महिन्यात तो बातमी ठरला नाही.

मजूर मिळत नाही, म्हणजे नेमके काय?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, पाच एकरांच्या शेताला वर्षभरात बाहेरचे ४०० मनुष्यदिन लागतात. ३६५ दिवसांत वाटले तर रोज जेमतेम एक माणूस. यात टंचाई कोठे आली? पण त्यातले १२० मनुष्यदिन ऑक्टोबरच्या वीस दिवसांत लागतात, म्हणजे रोज सहा माणसे, आणि त्याच वीस दिवसांत साऱ्या गावाला लागतात. म्हणून मजुरी चढते, शेंगा तडकतात, पावसात माल भिजतो. तीच माणसे फेब्रुवारीत काम शोधत फिरतात. आपल्याकडे माणसांची टंचाई नसून ठरावीक आठवड्यांची टंचाई आहे, असे म्हणणे जास्त बरोबर होईल.

यावर उपायही आठवड्यांचाच शोधावा लागतो. सगळ्या रानात एकाच कालावधीचे वाण एकाच दिवशी पेरण्याऐवजी लवकर व मध्यम मुदतीचे वाण मिळून घेतले तर काढणी दहा-बारा दिवसांनी विभागली जाते. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतल्यास तुरीची काढणी पुढे जाते. ज्यांना पाणी आहे त्यांनी थोड्या क्षेत्रावर भाजीपाला किंवा चारा पिके अशी ठेवावीत की रिकाम्या महिन्यांतही दोन-चार बायांना काम देता येईल. बारमाही थोडे काम देणाऱ्याकडे ऐन सुगीत माणसे आधी येतात, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे. यंत्राच्या बाबतीत मात्र घाई करू नये. ऑक्टोबरातील चणचण पाहून कर्ज काढून मोठे यंत्र घेतले आणि अकरा महिने ते दारात उभे राहिले, तर हप्ता मात्र बाराही महिने भरावा लागतो. भाड्याने मिळत असेल तर भाड्याने, नाहीतर गटाने घ्यावे. स्वतः घ्यावयाचे झाल्यास मागील तीन वर्षांच्या ऑक्टोबरातील मजुरीचा दर व लागलेली माणसे यांची तुलना करून, टंचाई वर्षागणिक वाढते आहे असे दिसले तरच घ्यावे.

या ठिकाणी रोजगार हमीचा उल्लेख अपरिहार्य आहे. ही कल्पनाच महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिचे मर्मच हे की शेतात काम नसेल त्या महिन्यांत मागेल त्याला काम. २००५ साली केंद्राने देशासाठी असा कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याजागी मंजूर केलेल्या नव्या कायद्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी असून, पेरणी-काढणीच्या ऐन काळात एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे थांबविण्याची तरतूद आहे. शेतकऱ्याला ती सोयीची वाटेल, आणि मजुराचा पर्याय तेवढे दिवस बंद राहील हेही खरे. ते साठ दिवस कोणते, यावर सारे अवलंबून आहे. कोकणात भात लावणी जुलैत, विदर्भात कापूस वेचणी नोव्हेंबर-डिसेंबरात, नाशिकला द्राक्षतोडणी फेब्रुवारीत. साऱ्या राज्याला एकच साठ दिवस लावले तर निम्म्या जिल्ह्यांत ते रिकाम्या महिन्यांवर पडतील. ग्रामसभेत हा विषय निघेल तेव्हा आपल्या भागाचे पीकपंचांग हातात असलेले बरे.

घरातील मुलाच्या नोकरीबाबतही दोन शब्द सांगतो. दसरा-दिवाळीच्या आधी वाहनांचे कारखाने, मालाची गोदामे, घरपोच सामान पोहोचविणाऱ्या कंपन्या, कापडाची दुकाने यांत माणसे भराभर घेतली जातात. त्यांतील पुष्कळ नेमणुका सहा-सात महिन्यांच्या मुदतीच्या किंवा ठेकेदारामार्फत असतात. मुलगा सप्टेंबरात लागला म्हणून डिसेंबरात गोठा रिकामा करणे आणि जमीन तीन वर्षांच्या खंडाने देणे, हे महिन्याच्या फरकाला वर्षाचा फरक समजण्यासारखे आहे. नेमणुकीचा कागद कारखान्याचा आहे की ठेकेदाराचा, मुदत किती, भविष्य निर्वाह निधीची रक्कम दरमहा खात्यात जमा होते का, हे त्याला पाहावयास सांगावे. त्याने नोकरीत एक संपूर्ण वर्ष काढले, पुढील सप्टेंबर त्याच जागी पाहिला, की मग मोठ्या निर्णयाचा विचार करावा. तोपर्यंत जमीन एका हंगामाच्या बटाईने दिलेली बरी. मुलीच्या नोकरीलाही हाच नियम.

तुलना करताना दोन गोष्टी जपाव्यात. पहिली, सण. दिवाळीचे लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होते, २०२४ साली १ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. सणापूर्वीची कामे त्यामुळे नोव्हेंबरातून ऑक्टोबरात सरकतात. नुसता ऑक्टोबर ऑक्टोबरशी ताडला तर फसगत होते. दोन्ही महिन्यांची बेरीज करून मग तुलना करावी. इंग्रजी महिन्यांचे आकडे वाचणाऱ्या शहरी तज्ज्ञाला हे समजावून सांगावे लागते, आपल्याला तिथीचा हिशेब उपजत कळतो. दुसरी, आपत्ती. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात आणि सोलापूर भागात उभे सोयाबीन पाण्याखाली गेले. तेथील त्या वर्षीच्या ऑक्टोबरात काढणीचे काम कमी झाले ते पीकच गेल्यामुळे. अशा वर्षाला मापदंड धरू नये, त्याच्या आधीचे वर्ष धरावे.

यासाठी घरी एक साधी वही ठेवावी. शंभर पानी पुरेल. प्रत्येक महिन्याला दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर शेतात लागलेली माणसे लिहावीत : तारीख, काम, घरची किती, बाहेरची बाया किती व गडी किती, दिलेली मजुरी, आणि माणसे मागितली पण मिळाली नाहीत तर तेही. हा शेवटचा रकाना बहुतेकजण गाळतात, पण यंत्राचा निर्णय त्याच रकान्यावरून होणार आहे. उजव्या पानावर घरातील माणसांनी बाहेर केलेले काम लिहावे, कोणत्या धंद्यात, किती दिवस, किती रुपये. घरच्या बायकांचे दिवसही लिहावेत, दूध-जनावरांचे धरून. पुढील वर्षी त्याच महिन्याची नोंद त्याच पानांवर, खाली रेघ मारून, वेगळ्या शाईने करावी म्हणजे दोन्ही वर्षे एका नजरेत दिसतात. महिन्याच्या माथ्यावर सण आणि पावसाचे दिवस टिपावेत. २०२६ साली अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. अधिक महिन्यात लग्ने नसतात, त्यामुळे मंडप, वाढपी, फुलवाले, वाजंत्री यांची कामे त्या दिवसांत नसतात. ज्यांच्या घरची माणसे लग्नसराईत कामाला जातात किंवा ज्यांचा झेंडू-शेवंतीचा माल त्या दिवसांत निघतो, त्यांनी मे-जूनच्या पानावर ही नोंद विसरू नये, नाहीतर पुढील वर्षी तुलना करताना घट कशाची हे आठवणार नाही.